बंदुकीचा पहिला सप्रेसर: वाचकांची पाच पत्रे

अमेरिकेत सप्रेसरच्या, म्हणजे बंदुकीचा आवाज दाबण्यासाठी नळीच्या टोकाला लावायच्या सायलेन्सरच्या, खरेदीवर १९३४ पासून दोनशे डॉलरचा केंद्रीय कर होता. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. तेव्हापासून या सदराकडे तेथील मराठी वाचकांची जी पत्रे येत आहेत, त्यांतील बहुतेकांत एक समज गृहीत धरलेला दिसतो: कर गेला म्हणजे नोंदणीही गेली. तसे झालेले नाही. अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची तपासणी आणि पूर्वमंजुरी हे सर्व पूर्वीप्रमाणेच कायम आहे. करच उरला नाही तर नोंदणीला आधार कोणता, असा वाद न्यायालयांत मांडला गेला आहे. परंतु वाद मांडला जाणे आणि कायदा रद्द होणे यांत मोठे अंतर असते. पुढील उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात असावी.

प्रश्न: मी सॅन अँटोनिओजवळ राहतो आणि तीन वर्षांपूर्वी अमेरिकेचा नागरिक झालो. शहराबाहेर आमची थोडी जमीन असून तेथे रानडुकरांचा उपद्रव आहे. माझ्याकडे .३०८ ची (हा आकडा गोळीच्या जाडीचा, इंचांत) एक बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर बाराला हाताने खटका ओढून भरायची, रायफल आणि सरावासाठी .२२ ची एक रायफल आहे. गेल्या हंगामापासून डाव्या कानात सतत बारीक शिट्टी वाजत असल्यासारखे होते. सप्रेसर घ्यावा असे मनात आहे, पण कोणता घ्यावा आणि कायदेशीर रीत कोणती, हे कळत नाही. पत्नीला या प्रकाराची धास्ती वाटते.

उत्तर: कानाचा विषय आधी घेऊ. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचे डोके किंचित वळलेले असते, त्यामुळे डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. आपली तक्रार डाव्या कानाची असणे हा योगायोग नव्हे. सप्रेसर पुढची हानी कमी करील. झालेली हानी भरून काढणार नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणाची तपासणी करून घ्यावी, हे माझे पहिले सांगणे आहे.

सप्रेसर नेमके काय करतो, हे समजले की पत्नीची धास्तीही पुष्कळशी कमी व्हावी. हिरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन संशोधकाला १९०९ मध्ये या वस्तूचे पेटंट मिळाले. मशीनगन शोधणाऱ्या मॅक्सिमचा हा मुलगा. बापाने आवाज वाढवला आणि मुलाने तो दाबला, असे गमतीने म्हणता येईल. त्याने तेच तत्त्व मोटारीच्या इंजिनाच्या धुराड्यालाही लावले. आपल्याकडे सायलेन्सर म्हटले की बुलेट मोटारसायकलची पुंगळी आठवते, ते नाते अगदीच अस्थानी नाही. गोळीपाठोपाठ नळीतून बाहेर पडणारा तप्त वायू एकदम मोकळा झाला की धमाका होतो. सप्रेसरच्या आत मध्यभागी भोक असलेले आडपडदे, म्हणजे बॅफल, एकामागे एक बसवलेले असतात. गोळी सरळ निघून जाते आणि वायू मात्र कप्प्याकप्प्यांत अडून, पसरून, थंड होऊन सावकाश बाहेर येतो.

त्यामुळे आवाज साधारणतः वीस ते पस्तीस डेसिबलने उतरतो. आपल्या .३०८ चा बार सुमारे १६५ डेसिबलच्या घरातला धरला, तर चांगल्या सप्रेसरमुळे तो १३५ ते १४० पर्यंत येतो. डेसिबलचे मोजमाप साध्या बेरजेचे नाही: दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट बदलते, म्हणजे तीस डेसिबलची घट ही हजारपट घट ठरते. तरीही १४० डेसिबल ही क्षणिक आवाजासाठी धोक्याची म्हणून मानलेली सीमा आहे, आणि आपण तिच्या अगदी काठाशीच असाल. चित्रपटांत ऐकू येणारी ती फुस्स ही केवळ ध्वनिमुद्रकाची करामत आहे. शिवाय .३०८ ची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास वेगाने जाते, ध्वनी मात्र सुमारे ३४३ मीटरने. ध्वनीला मागे टाकणाऱ्या गोळीचा हवेत जो चाबकासारखा कडाका उठतो, त्यावर नळीच्या टोकाशी बसवलेल्या कोणत्याही वस्तूची मात्रा चालत नाही. म्हणून सप्रेसर लावल्यावरही कानांवर मफ किंवा कानांत बोळे असलेच पाहिजेत. शेजाऱ्यांना आणि आपल्या कुत्र्याला मात्र फरक लगेच जाणवेल. आवाजाची दिशाही सहज न कळल्यामुळे डुकरांचा कळप पहिल्या बाराला एकदम उधळत नाही, असा तेथील अनेकांचा अनुभव आहे.

आता कायदा. केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने सप्रेसर ही बंदुकीची जोडवस्तू नसून स्वतःच एक बंदूक आहे, आणि तीही १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली नोंदवावी लागणारी. टेक्सास धरून ४२ राज्यांत सामान्य नागरिकाला ती बाळगता येते. विक्रेत्याकडून घेणाऱ्याचे वय २१ पूर्ण असावे लागते. विक्रेत्याकडे बंदूकविक्रीचा साधा परवाना असून भागत नाही. या वर्गातील वस्तूंसाठीचा विशेष व्यवसाय कर भरलेला असावा लागतो, म्हणून दुकानात पाऊल टाकताच हे विचारावे. विक्रेता आपल्याच राज्यातला हवा. दुसऱ्या राज्यातील किंवा संकेतस्थळावरील वस्तू पसंत पडली, तर ती आधी आपल्या राज्यातील अशा विक्रेत्याकडे रीतसर वर्ग होते आणि मगच आपल्या नावाचा अर्ज सुरू होतो.

हा अर्ज म्हणजे फॉर्म ४. तो एटीएफ या केंद्रीय संस्थेकडे जातो आणि आता तो बहुधा संगणकावरूनच भरला जातो. त्यासोबत पासपोर्टच्या धर्तीचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि अर्जाची एक प्रत आपल्या भागातील मुख्य पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा शेरीफकडे पाठवावी लागते. ही प्रत माहितीसाठी असते, परवानगीसाठी नव्हे. पूर्वी व्यक्तिगत अर्जावर त्या अधिकाऱ्याची सही लागत असे आणि काही ठिकाणी ती मिळतच नसे. जुलै २०१६ पासून सहीची अट गेली. ठसे घेण्याची यंत्रे कित्येक दुकानांत असतात. त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मंजुरी येते. कागदी अर्जांच्या काळात यात आठ-दहा महिने, कधी वर्षही जाई. २०२४ पासून संगणकीय अर्ज काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत मंजूर होऊ लागले आहेत, पण अर्जांचा लोंढा आला की हा काळ लांबतो. मंजुरीपर्यंत पैसे भरलेली वस्तू विक्रेत्याच्याच कपाटात राहते. म्हणून अर्ज नामंजूर झाल्यास किंवा दुकान बंद पडल्यास पैशाचे काय, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. मंजुरी आल्यावर दुकानात बंदूकखरेदीचा नेहमीचा फॉर्म ४४७३ भरून वस्तू ताब्यात घ्यायची. मंजूर अर्जाची एक प्रत नेहमी सप्रेसरसोबत ठेवावी. दूर माळरानावर एखाद्या अधिकाऱ्याने विचारलेच, तर तीच आपली साक्ष असते.

अर्ज स्वतःच्या नावाने करावा की ट्रस्टच्या, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो आपल्या घराशी निगडित आहे. स्वतःच्या नावाने नोंदवलेला सप्रेसर आपल्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणाच्या, पत्नीच्यादेखील, ताब्यात असणे कायद्याला मान्य नाही. आपण शेजारी उभे असताना तिने तो वापरला तर हरकत नाही. आपण पुण्याला गेला असताना कपाटाची किल्ली तिच्याकडे असेल, तर अडचण उभी राहू शकते. यासाठीच अनेक जण एक छोटा ट्रस्ट करून त्यात पती-पत्नी दोघांना विश्वस्त नेमतात. अर्जाच्या वेळी जबाबदार असलेल्या प्रत्येक विश्वस्ताचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते, एवढाच व्याप वाढतो. मात्र पत्नीलाच हा प्रकार नको असेल, तर कागदावर तिचे नाव ओढून आणण्यात अर्थ नाही. स्वतःच्या नावाने अर्ज करावा आणि तिजोरीची किल्ली स्वतःपाशीच ठेवावी.

निवडीकडे येतो. जुन्या जाणकारांचा ठरलेला सल्ला असा असे की पहिला सप्रेसर मोठ्या छिद्राचा घ्यावा आणि तोच सर्व बंदुकांना लावावा. त्यामागे चव नव्हती, हिशेब होता. १९३४ मधले दोनशे डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजारांहून अधिक. पुढे महागाईने त्या रकमेचे वजन कमी केले, तरी अडीचशे-तीनशे डॉलरच्या .२२ च्या सप्रेसरवर दोनशे डॉलर कर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून लोक एकाच वस्तूवर सगळी भिस्त ठेवीत. मीही तेच केले. पोलादाचा, वेल्डिंग करून बंद केलेला एक जाडजूड सप्रेसर घेतला आणि तो .२२ वरही लावत राहिलो. .२२ ची मऊ शिशाची गोळी आत शिसे आणि काजळी सोडते. वर्षभरात सप्रेसर हाताला जड लागू लागला आणि उघडून साफ करण्याची सोयच नव्हती. कर शून्य झाल्यावर त्या जुन्या सल्ल्याचा पायाच निखळला आहे. दोन बंदुकांसाठी दोन वेगळे सप्रेसर घेणे आता शहाणपणाचे आहे, आणि त्यांत आपल्यासाठी पहिला .३०८ चा, कारण कानाला खरा मार तिचाच आहे.

.३०८ साठी ३० कॅलिबरचा सप्रेसर पाहावा. पुढेमागे ६.५ क्रीडमूर किंवा ५.५६ ची, म्हणजे याहून बारीक गोळीची, रायफल घेतली, तर जोडणी बदलून तोच तिलाही चालू शकेल, कारण लहान गोळी मोठ्या छिद्रातून सुखाने जाते. याच्या उलट कधीही करू नये. लहान छिद्राच्या सप्रेसरमधून मोठी गोळी म्हणजे वस्तू फुटणे आणि इजा. उत्पादकाने कोणत्या काडतुसापर्यंत आणि किती आखूड नळीपर्यंत मान्यता दिली आहे, हे पत्रकात छापलेले असते, ते वाचावे. बोल्ट ॲक्शन रायफलमधून सावकाश, मोजके बार निघतात, त्यामुळे टायटॅनियम उत्तम: तीनशे ते चारशे ग्रॅमच्या आसपासची वस्तू मिळते. पोलादाची याहून बरीच जड असते, आणि नळीच्या अगदी टोकाला लोंबणारे प्रत्येक वजन खांद्यापर्यंत जाणवते. भराभर बार काढणाऱ्या एआर-१५ सारख्या रायफलला मात्र पोलाद, इन्कोनेल किंवा स्टेलाइट यांसारखे उष्णता सोसणारे धातू बरे, कारण तापलेले टायटॅनियम लवकर झिजते आणि ठिणग्या टाकते. त्या रायफलींत मागे फिरणारा वायू तोंडावर येतो, म्हणून त्यांच्यासाठी वायू पुढच्या पुढे काढून देणाऱ्या नव्या बनावटी निघाल्या आहेत. आपल्या बोल्टच्या रायफलला त्यांची गरज नाही आणि त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

जोडणीबाबत एक गोष्ट तपासून पाहावी. आपल्या रायफलीच्या नळीच्या तोंडाशी आटे आहेत का? अमेरिकेत .३०८ साठी बहुधा ५/८-२४ आणि .२२ साठी १/२-२८ असे आटे असतात (पहिला आकडा इंचांतील व्यास, दुसरा दर इंचातील आट्यांची संख्या). नसतील तर बंदुकांचे काम जाणणाऱ्या कुशल कारागिराकडून पाडून घ्यावेत, आणि ते नळीच्या छिद्राशी एकाच अक्षावर असल्याची खात्री करून घ्यावी. आटे केसभर जरी तिरके गेले तरी गोळी आतल्या बॅफलला घासते. सप्रेसर बसवल्यावर, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, नळीतून सरळ सळई घालून ती सप्रेसरच्या छिद्राच्या बरोबर मध्यातून बाहेर येते की नाही, हे पाहायचे असते. अशी मोजलेली सळई विकत मिळते आणि ती सप्रेसरइतकीच आवश्यक समजावी. एकाच रायफलीसाठी साधी आट्यांची जोडणी पुरेशी आहे. मात्र सप्रेसरच्या मागच्या बाजूला १.३७५-२४ हा बहुतेक उत्पादकांनी स्वीकारलेला आटा असेल, तर उद्या हव्या त्या कंपनीची जोडणी त्यात बसवता येते. माझ्या मते पहिल्या खरेदीत नामांकित छाप पाहण्यापेक्षा ही सोय पाहावी.

सप्रेसर लावल्यावर गोळी पूर्वीच्या जागी लागत नाही, थोडी सरकते. म्हणून दुर्बिणीचा नेम सप्रेसरसह पुन्हा जुळवावा आणि नंतर तो काढघाल करीत बसू नये. .३०८ चा बरा सप्रेसर साधारणतः सहाशे ते बाराशे डॉलरमध्ये येतो. .२२ चा नंतर घ्याल तेव्हा उघडून साफ करता येणाराच घ्यावा. तो साफ करताना हातमोजे घालावेत आणि शिशाची धूळ स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये.

प्रश्न: मी नॉर्थ कॅरोलायनात कॅरी येथे एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे. नेमबाजीच्या रेंजवर येणारा माझा एक मित्र नागरिक आहे. तो स्वतःच्या नावाने सप्रेसर घेऊन मला वापरायला देण्यास तयार आहे. यात काही अडचण आहे का?

उत्तर: फार मोठी आहे, आणि हे उत्तर मी जाणूनबुजून कठोर शब्दांत देत आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ आणि त्यांवर अवलंबून असलेले एच-४ यांसारखे व्हिसा हे स्थलांतराचे व्हिसा नव्हेत. अशा व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक वा काडतूस बाळगणे केंद्रीय कायद्याने मनाई केलेले आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे सप्रेसर म्हणजे कायद्याने बंदूकच. या मनाईला काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असणे. आपण रेंजवर आजवर ज्या बंदुका हाताळल्या, त्या वेळी असा परवाना होता का, हा प्रश्न मला सप्रेसरपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. रेंजवर थोडा वेळ हातात घेणे हादेखील ताबाच मानला जातो.

ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणे म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. ते प्रत्यक्ष मिळाल्यावर आपण कायम रहिवासी व्हाल आणि नागरिकाप्रमाणेच फॉर्म ४ भरू शकाल. आपल्याकडच्यांना त्यासाठी किती वर्षे रांगेत उभे राहावे लागते, हे मला ठाऊक आहे, तरीही दुसरा मार्ग सुचवणार नाही.

मित्राच्या प्रस्तावाबद्दल सांगायचे तर, दुसऱ्यासाठी असलेली बंदूक स्वतःसाठी म्हणून घेणे हा २०२२ च्या कायद्यापासून स्वतंत्र केंद्रीय गुन्हा असून त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. मनाई असताना बाळगणाऱ्यालाही तितकीच. मित्राने खरोखर स्वतःसाठी घेतलेला सप्रेसरही तो आपल्याकडे ठेवून जाऊ शकत नाही. आणि आपल्या बाबतीत शिक्षा तुरुंगावर थांबणार नाही, कारण बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध होणे हे देशाबाहेर काढण्याचे एक कारण इमिग्रेशन कायद्यातच लिहिलेले आहे. शिकारीच्या परवान्याच्या अपवादावर विसंबून काही करायचे असेल, तर आधी बंदूककायदा आणि इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाकडून लेखी मत घ्यावे.

प्रश्न: आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, दोघेही नागरिक. माझ्या नावावर दोन सप्रेसर आहेत. नोकरीनिमित्त न्यू जर्सीत, एडिसनला, घर घेत आहोत. नोंदणीचा पत्ता बदलला की पुरे का?

उत्तर: पुरे नाही. न्यू जर्सीत ते नेताच येत नाहीत. कॅलिफोर्निया, डेलावेअर, हवाई, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि ऱ्होड आयलंड या आठ राज्यांत, तसेच वॉशिंग्टन डीसीमध्ये, सामान्य नागरिकाने सप्रेसर बाळगणे बेकायदा आहे. मराठी मंडळांची नावे आठवून पाहिली, तर आपली किती माणसे नेमकी याच राज्यांत आहेत, हे ध्यानात येईल. केंद्राची मंजुरी राज्याची मनाई पुसत नाही. गंमत म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये सप्रेसर बनवणारी एक जुनी नावाजलेली कंपनी आहे. कारखान्यातून निघालेला माल शेजारच्या घरात मात्र जाऊ शकत नाही.

सामान हलवण्यापूर्वी ते पेनसिल्व्हेनियातील परवानाधारक विक्रेत्याकडे विकण्याची व्यवस्था करावी. विक्रेत्याला असो वा खरेदीदार शोधून थेट, विकायचे म्हणजे पुन्हा फॉर्म ४ आणि पुन्हा मंजुरीची वाट. त्यासाठी घराच्या कागदपत्रांइतकाच वेळ हाताशी ठेवावा. जाता येता केवळ त्या राज्यातून जायचे आहे, असे म्हणून गाडीच्या डिकीत ठेवण्याचा धोका पत्करू नये. पेनसिल्व्हेनियात एखाद्या मित्राच्या रेंजवर, त्याच्या उपस्थितीत, त्याचा सप्रेसर लावून सराव करण्यास मात्र आपल्याला कोणी अडवणार नाही.

प्रश्न: ओहायोत राहतो. बंदूक साफ करताना निघणारे द्रावण गोळा करण्यासाठीची एक नळी मी संकेतस्थळावरून चाळीस डॉलरला घेतली. मित्र म्हणतो की थोडे काम केले की तिचाच सप्रेसर होतो, आणि आता कर नसल्याने कोणी विचारत नाही.

उत्तर: मित्राची दोन्ही वाक्ये आपल्याला तुरुंगात नेणारी आहेत. कायद्याची व्याख्या तयार सप्रेसरपुरती नाही. सप्रेसर जोडण्याच्या हेतूने आणलेले सुटे भागही त्यात मोडतात. स्वतः बनवण्याची कायदेशीर वाट आहे, तिला फॉर्म १ म्हणतात. पण मंजुरी आधी आणि काम नंतर, हा क्रम आहे. २०२२ च्या आरंभी एटीएफने अशा नळ्यांच्या संचांपासून सप्रेसर बनवण्यासाठी आलेले अनेक अर्ज फेटाळले, कारण तिच्या मते ते संच मुळातच नोंदणी नसलेले सप्रेसर होते. नोंदणीशिवाय बाळगण्याची शिक्षा १० वर्षांपर्यंतची कैद आहे आणि कर शून्य झाल्याने ती शून्य झालेली नाही.

राज्य आपल्या पाठीशी आहे, या भरवशावरही राहू नये. कॅन्ससने २०१३ मध्ये कायदा केला की राज्यातच बनलेल्या आणि राज्यातच राहिलेल्या बंदुकांना केंद्राचे नियम लागू नाहीत. त्यावर विश्वास ठेवून एका ग्राहकाने एका स्थानिक दुकानातून नोंदणीविना सप्रेसर घेतला. केंद्राने दुकानदार आणि ग्राहक दोघांवर खटला भरला, दोघे दोषी ठरले, २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. टेक्सासने २०२१ मध्ये असाच कायदा केला आहे. तोही केंद्राच्या खटल्यापासून संरक्षण देत नाही. राज्याने टाळ्या वाजवायच्या आणि कैद नागरिकाने भोगायची, असा हा प्रकार आहे.

ती नळी वापरू नका, तिच्यात फेरफार करू नका, कोणाला विकू किंवा देऊ नका. या आठवड्यातच बंदूककायदा जाणणाऱ्या वकिलाला गाठा आणि तो सांगेल तसे करा. मित्राशी याबद्दल संदेशांतून चर्चा करणेही थांबवा. हेतू सिद्ध करायला असेच संदेश उपयोगी पडतात.

प्रश्न: नागपूर जिल्ह्यात शेती आहे. रानडुकरे संत्र्याच्या बागेखालची जमीन उकरतात, तूर झोपवतात. वडिलांच्या काळापासून पीकसंरक्षणासाठीचा बंदुकीचा परवाना आहे. भाचा टेक्सासला असतो, दिवाळीत येताना सायलेन्सर आणतो म्हणतो. परवाना असल्याने चालेल ना?

उत्तर: भाच्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील बंदुकीच्या व्याख्येतच, आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी केलेल्या जोडवस्तू समाविष्ट आहेत. म्हणजे भारतातही सायलेन्सर ही स्वतंत्र बंदूक ठरते, आणि नियमांच्या अनुसूचीत ती पहिल्या, सर्वांत कडक वर्गात घातलेली आहे. आपला परवाना पिकाच्या राखणीसाठीच्या ठरावीक बंदुकीचा आहे, तो तिच्यापुरताच. परवान्याविना अशी वस्तू देशात आणणे हा वेगळा गुन्हा. भाच्याची अडचण त्याच्या बाजूलाही आहे, कारण अमेरिकेबाहेर सप्रेसर नेण्यासाठी तेथील परराष्ट्र खात्याचा निर्यात परवाना लागतो. विमानतळावर सापडला, तर दोन देशांचे दोन खटले.

आवाजाचा त्रास कानाला होत असेल, तर औद्योगिक सुरक्षेच्या दुकानात मिळणारे चांगल्या प्रतीचे इअरमफ काही हजारांच्या आत येतात आणि त्यांना कसलाही परवाना लागत नाही. डुकरांसाठी बंदुकीआधी वनविभागाकडे पीकनुकसानीचा अर्ज, पंचनामा आणि भरपाई हा मार्ग आहे. रानडुक्कर मारण्यासाठीही वनविभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, बंदुकीचा परवाना तिची जागा घेत नाही. ती परवानगी आपल्याकडे आहे की नाही, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. नसेल तर बंदूक तूर्त कपाटातच ठेवावी.